लिंबोणीवरच्या अळ्या

आमच्या अंगणात कधी काही उगवलं नाही. अम्मीने पुदिना लावून पाहिला, कोथिंबीर टाकून पाहिली, एकदा तर माहेराहून, आदिलाबादकडून, मोगऱ्याची फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून आणली. सगळं चार पानं दाखवायचं आणि पिवळं पडून बसायचं. कारण घरात सगळ्यांना ठाऊक होतं, बोलत कोणी नव्हतं. अब्बा फवारणीचे पंप दुरुस्त करायचे. मारेगावकडे जाणाऱ्या सडकेला लागून आमचं घर, पुढच्या अर्ध्यात दुकान, आणि दुकानामागे ते अंगण. दुरुस्तीला आलेला प्रत्येक पंप आधी तिथे धुतला जायचा. टाकीच्या तळाशी राहिलेलं पांढरट पाणी फरशीवरून घरंगळत मातीत जायचं. त्या मातीत गवतसुद्धा धरत नव्हतं. अम्मी म्हणायची, या मिट्टीला नजर लागली आहे. नजर कसली, आमचं पोट त्या मातीवर चालत होतं.

त्या वर्षांत पंपांना काही तोटा नव्हता. पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, हिरवी अळी आली होती आणि ती जाता जात नव्हती. एक फवारा झाला की दुसरा, एक औषध लागू पडेना की त्याच्यात दुसरं मिसळून तिसरं. गावात ज्याच्या त्याच्या तोंडी अळीच. लग्नाच्या पंगतीत अळी, मयताला बसलेल्या माणसांत अळी. सकाळी दुकानाची फळी उघडायच्या आत दोन-तीन कास्तकार पाठीवर पंप घेऊन उभे असायचे. वॉशर गेलेला, नळी फाटलेली, नोझल तुंबलेलं. अब्बा नोझल तोंडात धरून फुंकर मारून मोकळं करायचे. हो, तोंडात धरून. मग टाकीत साधं पाणी भरून दांडा हाणायचे, खट-फुस्स, खट-फुस्स, आणि समोरच्या भिंतीवर तुषार सोडायचे. सकाळचं ऊन असलं तर त्या तुषारात इंद्रधनुष्य दिसायचं. मी आणि माझा धाकटा भाऊ त्याखालून पळायचो. तेव्हा आम्हाला त्याहून मोठी गंमत माहीत नव्हती.

अम्मीचा एकच कायदा होता. "हाथ धोए बगैर रोटी को हाथ नक्को लगाओ." राखेने घासायचे, मग साबणाने, मग पुन्हा राखेने. तरी भाकरीला तो वास यायचाच, अंबाडी-गोश्तला यायचा, खिचडीवरच्या खट्ट्याला यायचा, ईदच्या शीरखुर्म्यालाही यायचा. मोठी झाल्यावर नागपूरला मी पहिल्यांदा नुसता भाताचा वास असलेला भात खाल्ला तेव्हा मला तो बेचव वाटला, यावर कोणाचा विश्वास बसणार नाही. अब्बांचं डोकं पावसाळाभर दुखायचं. ते कपाळाला फडकं बांधून काम करायचे आणि म्हणायचे, मौसमाचं डोकं आहे, मौसम गेला की जाईल. दिवसभर कास्तकारांशी बोलून त्यांची जीभ इतकी वऱ्हाडी झाली होती की घरातही ते तेच बोलायचे, आणि अम्मी चिडवायची की मी मिस्त्रीशी निकाह केला होता, पाटलाशी नाही.

इथे एका शब्दाबद्दल सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं काही समजणार नाही. आमच्याकडे डॉक्टर देतो ती दवाई किंवा गोळी. औषध म्हणजे पंपात घालायचं ते. औषध आणलं, औषध संपलं, औषध मारलं, हे सगळं वावरातलं. आणि 'औषध घेतलं' याचा अर्थ एकच. तो शब्द मोठी माणसं आमच्यादेखत हळू आवाजात बोलायची, आणि आम्ही पोरं आपसात मोठ्याने बोलायचो.

त्या वर्षी मिरगाच्या सुमाराला शालूच्या आईने औषध घेतलं. शालू माझ्या वर्गातली, माझ्याच बाकावर बसणारी. गावात आमच्या लोकांची घरं थोडी, शाळेत मी एकटीच, त्यामुळे माझ्या शेजारी कोणी बसावं हा दर वर्षी एक प्रश्नच असायचा, आणि शालू दर वर्षी तो न विचारता सोडवून टाकायची. तोंडाची फार चालू पोरगी होती. मास्तर फळ्याकडे वळले की हिची बडबड सुरू. तिच्या आईने ते का केलं हे मला कोणी सांगितलं नाही. गावात चार कारणं फिरत होती आणि चारही सांगणाऱ्याच्या सोयीची होती. अम्मी त्या दिवशी त्यांच्या घरी गेली होती, बायकांबरोबर. परत आली ती थेट न्हाणीत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. शालू पंधरवड्यानंतर शाळेत आली, बाकावर बसली, दप्तर मांडीवर घेतलं. बोलली नाही. मला वाटलं उद्या बोलेल.

त्याच आठवड्यात परब बाई रुजू झाल्या. कोकणातून आलेल्या, नवऱ्याची नोकरी वणीकडे खाणीत, म्हणून बदली करून घेतलेली. साडीला पिना लावायच्या, स्वच्छ बोलायच्या, आणि पहिल्याच दिवशी त्यांनी प्रत्येकाच्या बाकापाशी थांबून नाव विचारलं. शालूला खोकला झाला होता. नाव मीच सांगितलं. बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि अगदी मायेने विचारलं, "औषध घेतलंस का गं?"

बाहेर कोणाची तरी बंडी जात होती, तिच्या चाकाची कुरकुर तेवढी ऐकू येत होती. मग मागच्या बाकावरून एकजण, वाईट हेतूने नव्हे, नुसती चूक सुधारावी तसा, म्हणाला, "बाई, तिनं नाही घेतलं. तिच्या मायनं घेतलं." कोणी हसलं नाही. बाईंना आधी समजलंच नाही. त्या आमच्या तोंडांकडे एकेक करून पाहत राहिल्या आणि मग त्यांना समजलं. त्यांचा हात शालूच्या पाठीवरच होता. तो काढावा की ठेवावा हे त्यांना कळेना. शालू समोर पाहत होती, फळ्याकडे. त्या दिवसानंतर तिने माझ्याकडे पाहणंही सोडलं. आधी निदान मान हलवायची.

बाई हळव्या होत्या, पण नुसत्या रडणाऱ्यांतल्या नव्हत्या. काही दिवसांनी त्या मोठ्या गुरुजींकडे गेल्या आणि शाळेमागची जागा मागितली. मोठे गुरुजी म्हणजे आमचे मुख्याध्यापक. भला माणूस, पण कोणताही बदल म्हणजे दुष्काळात तेरावा महिना असं मानणारा. दाराशी आम्ही पोरी कान लावून उभ्या होतो.

"बाग?" गुरुजी म्हणाले. "बाई, हे कास्तकाराचे पोट्टे हायेत. याईले झाडं कायले दाखवता? दिवसभर तेच पाह्यतात."

"पाहत नाहीत, गुरुजी," बाई म्हणाल्या. "निंदतात, फवारतात, वेचतात. नुसतं बसून पाहायला कधी मिळतं त्यांना? ही मुलं घाबरलेली आहेत. वर्गात बसतात आणि मनाने इथे नसतात. एक शालूच नव्हे, सगळीच."

"मग बागेनं काय होईन?"

"मला माहीत नाही," बाई म्हणाल्या. त्यांचं हे उत्तर मला अजून आवडतं. नातवाच्या शाळेत आता आठवड्याला निसर्गाचा तास असतो, भिंतीला हिरवा रंग दिला आहे, कुंड्यांवर झाडांची नावं आहेत, आणि मुलांचं मन कसं प्रसन्न राहतं हे सांगणारा फलक आहे. आजी-आजोबांच्या दिवशी मला तिथे चार शब्द बोलायला उभं केलं तर मी तो फलकच वाचत उभी राहिले. सून म्हणाली, अम्मी लाजल्या. मी लाजले नव्हते. एवढ्या खात्रीने सांगणारा फलक पाहिला की मला भीती वाटते.

जागा मिळाली. शाळेमागे मुतारीच्या पलीकडे काळ्या मातीचा तुकडा होता, त्यावर तरोटा माजलेला. आम्ही तो उपटला. झेंडू लावला, गुलबक्षी लावली, कढीपत्ता आणला, आणि बाईंनी बाजाराच्या दिवशी रॉकेलच्या डब्यात वाढलेली कमरेएवढी लिंबोणी बंडीवर घालून आणली. दुपारच्या सुट्टीनंतरचा अर्धा तास बागेचा. नियम एवढाच होता की काही करायचं नाही. पाणी घालून झालं की बसायचं आणि पाहायचं. पहिले काही दिवस पोरांना हे जमेना. हात शिवशिवायचे. गवताची काडी दिसली की उपट, किडा दिसला की चिरड. लिंबोणीवर अळ्या दिसल्या तेव्हा तर आरडाओरड झाली. पानावर पाखराची विष्ठा पडावी तशा त्या आधी दिसायच्या, काळ्या-पांढऱ्या, मग एके दिवशी कात टाकून हिरव्यागार व्हायच्या. हिरवी अळी! आमच्या गावात त्या रंगाच्या अळीला जगायचा हक्कच नव्हता. पोरं चपला काढून धावली. बाई झाडापुढे आडव्या उभ्या राहिल्या, दोन्ही हात पसरून. "हिला हात लावायचा नाही. ही इथे राहते. आपण पाहुणे."

बाकीची पोरं चार दिवसांत कंटाळली. शालू कंटाळली नाही. ती उकिडवी बसायची, हनुवटी गुडघ्यावर, आणि अळीच्या इतकी जवळ तोंड न्यायची की मला तिच्या डोळ्यांची काळजी वाटायची. मी तिच्या शेजारी बसायचे, दुसरं काय करणार. अळी पानाच्या कडेने खात जायची, डोकं वर-खाली करत, आणि शालूचं डोकंही बारीक हलायचं. एक दिवस ती गवताच्या काडीने अळीला हळूच शिवली. अळीने मान उचलली आणि डोक्यातून दोन नारिंगी शिंगं बाहेर काढली. आंबट-उग्र वास आला. शालू मागे सरकली, माझ्यावर आपटली आणि म्हणाली, "शिंगं काढते व."

एवढंच. 'शिंगं काढते व.' किती दिवसांनी तिचा आवाज ऐकला मी. जरा घोगरा झाला होता, वापरात नसलेल्या बिजागरीसारखा. मी बाईंना सांगायला धावले नाही. मला वाटलं मी उठले तर ती पुन्हा गप्प होईल. मीही काडी घेतली, मीही अळीला शिवले, आणि आम्ही दोघींनी त्या बिचारीला इतकं सतावलं की शेवटी तिने शिंगं काढायचंच सोडून दिलं.

नंतर ती बोलू लागली. आधी फक्त अळ्यांबद्दल. कोणती कात टाकून राह्यली, कोणती पळून गेली, कोणती भिंतीला चिकटून कोष झाली. मग हळूहळू इतर. पहिलं फुलपाखरू निघालं ते पोळ्यानंतर. ओलं, चुरगळलेलं, कोषाच्या टरफलाला लटकलेलं. शालूने सगळ्या शाळेला गोळा केलं, पहिलीतल्या पोरांना पुढे बसवलं आणि कोणी पुढे सरकलं तर त्याच्या टाळक्यात टपली मारली. ते उडून कौलांवरून पलीकडे गेलं तेव्हा ती हसली, अगदी तिचं जुनं हसू, हिरड्या दिसणारं. बाईंनी तोंडाला पदर लावला. अंगणात पुदिनाही न उगवणाऱ्या घरातली मी, मला त्या दिवशी खरंच वाटलं की आता सगळं ठीक होईल. मी घरी जाऊन अब्बांना सांगितलंही, शालू बोलते म्हणून. अब्बा वॉशर कापत होते. "बरं झालं," ते म्हणाले, "पोरगी बिचारी." शाळेत बाग आहे, लिंबोणी आहे, हे त्यांनी ऐकलं. अळ्यांचं त्यांनी ऐकलं की नाही, मला सांगता येत नाही. मौसमात त्यांच्या कानांत पंपच वाजत असायचे.

दसऱ्याच्या आधी शाळा तपासायला साहेब येणार असं कळलं. मोठ्या गुरुजींनी भिंती सारवून घेतल्या, घंटेला शेंदरी रंग दिला आणि मग त्यांची नजर बागेवर गेली. एव्हाना त्यांनाही बागेचा अभिमान वाटू लागला होता, जिल्ह्यात असं कुठे नाही असं ते चार लोकांत सांगायचे. आणि पाहतात तो लिंबोणीची पानं कुरतडलेली, खालून वरपर्यंत हिरव्या अळ्या. दुसरी खेप होती ती, पहिलीपेक्षा मोठी. बाई शनिवारीच वणीला घरी गेल्या होत्या. गुरुजी सरळ आमच्या दुकानात आले. मी आत भांडी घासत होते, मला नुसता त्यांचा आवाज आला, शब्द आले नाहीत. अब्बांनी नंतर अम्मीला सांगितलं ते असं: "गुरुजी म्हणे, मिस्त्री, बागेले अळी लागली, साहेबाले काय दाखवू? म्या म्हटलं, तुम्ही काळजी करू नका, शाळा काय परकी हाये का?"

अब्बा शाळेची पायरी कधी चढले नव्हते. स्वतः शिकायला नाही, माझं नाव घालायला नाही, ते अम्मीने केलं होतं. मोठ्या गुरुजींनी स्वतः चालत येऊन मिस्त्रीकडे काही मागावं, हा त्यांच्या आयुष्यातला मोठा मान होता. त्यांनी जुम्म्याचा पांढरा कुर्ता घातला. गिऱ्हाइकांना कधी न दिलेला, स्वतःचा पितळी पंप काढला, चिंचेने घासला. औषधही घरचं नाही, दुकानदाराकडून मागून आणलं, भारीतलं. अम्मीने विचारलं, शादीला चालला का, तर हसले. हे मला नंतर कळलं, त्या दुपारी मी मामूच्या घरी होते, मारेगावला. संध्याकाळी परत आले तर अब्बा पाट मांडून जेवायला बसले होते, केस ओले, खुशीत. मला म्हणाले, "तुमच्या शाळेची बाग अशी केली, एक अळी राह्यली नाही. साहेब पाह्यतच राहीन." करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, असं लोक म्हणतात. इथे तर मारुतीही झाला नाही. मी भाकरीचा तुकडा हातात धरून बसले. भावाने तो माझ्या हातातून घेऊन खाल्ला.

सोमवारी सकाळी मी शालूच्या आधी पोचायचं ठरवून पळत गेले, तरी ती आलेलीच होती. ती रोज सगळ्यांच्या आधी यायची, झाडाला गुड मॉर्निंग म्हणायला, बाईंनी शिकवलेलं. लिंबोणीखालची माती अळ्यांनी भरली होती. काळ्या पडलेल्या, आखडलेल्या, काही अजून वळवळत होत्या. मला वाटलं ती अळ्यांकडे पाहत असेल. ती पाहत नव्हती. तिने फ्रॉकचं टोक नाकावर दाबून धरलं होतं आणि तिचे डोळे मिटलेले होते. मला वासाचं काही वाटलं नाही. मी त्या वासातच वाढले होते. मी म्हटलं, "शालू, आपण दुसऱ्या आणू." तिने माझ्याकडे पाहिलं. मी पंप दुरुस्त करणाऱ्याची पोरगी आहे हे तिला तेव्हा पहिल्यांदा आठवलं असावं, किंवा मला तसं वाटलं. मग ती वळली आणि चालत फाटकाबाहेर गेली. धावली नाही. दप्तर तिथेच राहिलं.

साहेब आले, हार घेतला, बाग पाहिली. खाल्लेली पानं गुरुजींनी खुडून टाकली होती. साहेब म्हणाले, फार छान, एकही कीड नाही. बाई बाजूला उभ्या होत्या. त्या सकाळच्या गाडीने आल्या होत्या आणि आल्या तेव्हाच त्यांना वास आला होता. त्यांनी मला विचारलं, कोणी केलं? मी म्हटलं, माझ्या अब्बांनी. त्यांनी मान हलवली. "त्यांना कसं कळणार," त्या म्हणाल्या, आणि मग, "मी सांगायला हवं होतं गं. सगळ्या गावाला सांगायला हवं होतं." दिवाळीनंतर त्या परत आल्या नाहीत. वणीकडे बदली मिळाली असं कळलं. मी त्यांना दोष देत नाही. बागेत बकऱ्या शिरल्या.

शालू शाळेत येईना तेव्हा घरी मी रडून आकांत केला. अब्बांना खरोखर कळेना. "अळीसाठी?" ते पुन्हा पुन्हा विचारत होते. "पोरगी अळीसाठी शाळेत येऊन नाही राह्यली?" मला नीट सांगता येईना. शेवटी अम्मी चुलीपुढून उठली आणि म्हणाली, "अळीसाठी नाही. त्या वासासाठी. मी गेले होते ना तिच्या घरी त्या दिवशी. सगळ्या घराला तोच वास होता. पोरगी आईजवळ बसून होती." तिने एवढंच सांगितलं आणि तव्यावरची भाकरी उलटली. अब्बांनी हात धुतले. जेवण अर्धं राहिलं होतं, पण ते उठलेच. अंगणात जाऊन पुन्हा हात धुतले.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी जे केलं ते गावाला बरेच दिवस हसायला पुरलं. दुकानाची फळी अर्धी ओढून ते सायकल घेऊन निघायचे आणि ज्याच्या दारी लिंबोणी असेल त्याच्या दारी उभे राहायचे. "अळी हाये का तुमच्या लिंबावर?" आधी लोकांना वाटलं मिस्त्री फवाऱ्याचा धंदा करायला निघाले. एक म्हातारा खूश होऊन म्हणाला, "नाही बाप्पा, म्या परवाच मारलं, आता कायले अळी राह्यते." जो तो हेच सांगायचा, अभिमानाने. पऱ्हाटीवर मारून उरलेलं औषध लोक परसातल्या झाडांवर मारून टाकत, वाया कशाला घालवा म्हणून. अब्बा झाडाखाली जाऊन पानं उलटी करून पाहायचे, कपाळाला फडकं तसंच. पोरं मागून ओरडायची, "मिस्त्री, अळी घेता का अळी?" गावात नाही मिळाली, पलीकडच्या गावातही नाही. जो माणूस उभा जन्म अळी मारायची यंत्रं चालू ठेवण्यात घालवत होता, त्याला सबंध पंचक्रोशीत एक जिवंत अळी मिळेना. मला त्यांची लाज वाटत होती आणि त्यांच्यावर इतकं प्रेम मला पुन्हा कधी आलं नाही. शेवटी मिळाली ती कबरस्तानात. तिथे कोपऱ्यात कोणी लावलेली रानटी झालेली लिंबोणी होती. मेलेल्यांच्या झाडाला कोण औषध मारतं. अब्बांनी अळीसकट फांदी कापली, ओल्या चिंधीत गुंडाळली, आणि मला सायकलच्या दांड्यावर बसवलं.

शालूच्या घरी कोणी नव्हतं. शेजारणीने सांगितलं, वावरात हायेत, आज सीतादही हाये. कापसाच्या पहिल्या वेचणीला आमच्याकडे वावरात दहीभात ठेवून पूजा करतात, ते सीतादही. आम्ही पांदणीने, वावरांमधल्या वाटेने, गेलो. धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, कडेला दहीभात ठेवलेला होता, शालूची आजी अन् दोन बायका ओळीने वेचत होत्या, आणि त्यांच्या मागे शालू. कमरेला तिच्या आईचं लुगडं ओटीसारखं बांधलेलं, ते तिला इतकं मोठं होतं की जमिनीवर घासत होतं. अब्बांनी सायकल धुऱ्यावर आडवी केली. आजीने हात थांबवला. "काहून आले मिस्त्री?"

"पोरीसाठी आलो, मावशी. शाळेत पाठवा तिले."

"शाळेत कोण हाये आता तिचं? घरी ताट मांडून देणारं कोणी नाही. इथं माझ्यासंगं तरी राह्यते."

अब्बा शालूपुढे गेले, खाली बसले, तेलकट हातांनी चिंधी सोडली आणि फांदी तिच्यापुढे धरली. अळी चांगली मोठी होती, करंगळीएवढी, हिरवीगार. हलत होती. "शाळेतल्या म्या मारल्या, बेटा," ते म्हणाले. "मले माहीत नव्हतं. ही तुले आणली."

शालूने पाहिलं. मला वाटलं ती काडी शोधेल, अळीला शिवेल. मग तिने ओटीतला कापूस नीट आत दाबला आणि अगदी तिच्या आजीच्या आवाजात म्हणाली, "काका, हिले इथं नका आणू. आमच्या पऱ्हाटीले लागन."

आजी म्हणाली, "बरोबर सांगून राह्यली पोरगी." शालू पुढच्या झाडाकडे गेली. बोंडातून कापूस काढायची तिची बोटं अजून सराईत झाली नव्हती, नखांशी रक्त होतं. माझ्याकडे तिने एकदाही पाहिलं नाही. पुढे ती माझ्याशी बोलली, विहिरीवर, बाजारात, लग्नाची पत्रिका द्यायला आली तेव्हा. बायका बोलतात तसं, पाण्याबद्दल, लेकराबाळांबद्दल. माझ्या बाकावर पुन्हा कोणी बसलं नाही.

परतताना अब्बा सायकल हातात धरून चालत होते. फांदी त्यांनी टाकली नाही, कॅरिअरला अडकवली होती. पांदण संपून सडक लागली तेव्हा त्यांनी विचारलं, "बेटा, ही अळी पऱ्हाटी खाते का?"

"नाही अब्बा. लिंबाचाच पाला खाते फक्त. पऱ्हाटीवर ठेवली तर उपाशी मरते."

ते थांबले. "मग तिले सांगतलं काहून नाही?"

"तिला माहीत आहे," मी म्हटलं. "मला तिनेच सांगितलं होतं."